मिस्टर भोये आर टीचिंग

भोये सर पूर्ण भूतकाळ शिकवायला लागले की वर्गाच्या खिडकीतून बाहेर उडी मारायचे.

हे मी वाढवून सांगत नाही. सिडकोतल्या आमच्या शाळेत दहावी ‘ब’चा वर्ग तळमजल्यावर होता आणि त्याच्या एका खिडकीचे गज कुणीतरी कधीच काढून नेले होते. सरांनी वर्गाचे तीन भाग पाडले होते. खिडकीकडची बाजू भूतकाळ, मधलं टेबल वर्तमानकाळ आणि दार म्हणजे भविष्यकाळ. इंग्रजीतलं कुठलंही वाक्य आलं की सर त्या त्या जागी जाऊन उभे राहायचे. ‘आय ईट’ टेबलापाशी, ‘आय एट’ खिडकीपाशी, ‘आय शॅल ईट’ दारापाशी. एका तासात त्यांची मैलभर चाल व्हायची. पण भूतकाळाच्याही आधी जे घडून गेलं, ते दाखवायचं कुठे? तिथे तर भिंत लागायची. मग सर खडू खिशात टाकायचे, एक पाय चौकटीवर ठेवायचे आणि बाहेरच्या कण्हेरीत दिसेनासे व्हायचे. तिथून आवाज यायचा.

“द ट्रेन हॅड लेफ्ट! गाडी कशी सुटली?”

“आधीच सुटली, सर!” पन्नास पोरं ओरडायची.

“कशाच्या आधी?”

“तुम्ही यायच्या आधी!”

मग सर खिडकीतून पुन्हा आत यायचे, केसांतलं कण्हेरीचं पान काढायचे आणि खिडकीपाशीच उभं राहून पडलेल्या चेहऱ्यानं म्हणायचे, “आय रीच्ड द स्टेशन.” पोरांना त्या चुकलेल्या गाडीचं खरोखर वाईट वाटायचं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही सत्तरी मागे टाकली आहे. शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत त्यांच्याबद्दल एक वाक्य छापलेलं आहे: ‘श्री. भोये यांनी घशाच्या त्रासामुळे दहावीचे अध्यापन स्वेच्छेने सोडले.’ हे वाक्य खोटं आहे. मला खात्रीनं माहीत आहे, कारण ते मीच लिहिलं. सरांचा घसा ठणठणीत होता. त्यांची दहावी गेली ती माझ्यामुळे. ते कसं झालं एवढं सांगून टाकायला मी बसलोय. पण सर म्हणाले असते, “वैद्य सर, आधी कर्ता सांगा, मग क्रियापद.” तेव्हा आधी कर्ता.

भोये सर हरसूलच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. आईबाप हंगामाला दिंडोरीकडे मजुरीला जायचे आणि सर आश्रमशाळेत राहायचे. तिथे कुणीतरी सोडून दिलेलं, मागची पानं फाटलेलं एक इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक त्यांना सापडलं. “फाटलं होतं ते बरं झालं,” ते सांगायचे, “उत्तरं मागच्या पानांवर होती. मला स्वतः काढावी लागली.” बी.ए. झाले, बी.एड. झाले, नाशकात नोकरी लागली आणि सिडकोत एका खोलीत एकटेच राहू लागले. बुटके, काटक, पांढरा शर्ट, खिशाला कायम खडूची पांढरट कड.

पहाटे सहाला ते सायकलवरून दूध आणायला निघायचे आणि पेडल मारत क्रियापदांची तिन्ही रूपं म्हणायचे. “गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन.” एका बिऱ्हाडकरूनं त्यांना भक्तिभावानं विचारलं होतं, “सर, हे कुठल्या देवाचं?” जी क्रियापदं तिन्ही काळांत तशीच राहतात, त्यांना ते ‘अढळ’ म्हणायचे. “कट-कट-कट. ही मराठी बायकांनी इंग्रजांना दिली. पुट-पुट-पुट. ही नवऱ्यांनी दिली.” मग थोडं थांबून, “हर्ट-हर्ट-हर्ट. काल दुखलं तेच आज दुखतं. रूप बदलत नाही.”

त्यांच्याशी साधं बोलणंही अवघड होतं. आमचा शिपाई, हाक मारली की जागेवरूनच “आलो, सर!” म्हणायचा आणि दहा मिनिटांनी उगवायचा. भोये सर त्याला काही बोलायचे नाहीत. आमच्याकडे वळून म्हणायचे, “बघा. मराठी माणूस आधी भूतकाळात पोचतो आणि मग चालायला लागतो.” बसस्टँडवर कंडक्टर “गाडी सुटतेय” म्हणाला की हे विचारणार, “कोणता काळ? सुटायला लागलीय, की सुटणार आहे?” कंडक्टर म्हणायचा, “ए बाबा, बसायचं तर बस.”

एक गोष्ट मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांना खटकायची. सर ‘वॉक्ड’ला ‘वॉकेड’ म्हणायचे, ‘वॉश्ड’ला ‘वॉशेड’. मी एकदा हळूच सुचवलं. ते म्हणाले, “मला माहितीय. पण हे कानाचं इंग्रजी नाही, हाताचं आहे. माझ्या पोरांच्या घरी इंग्रजी ऐकू येत नाही. त्यांना पेपर हातानं लिहायचाय. खरा उच्चार ‘वॉक्ट’. तो मी केला तर पोरगं शेवटी टी लिहील. एकदा पास होऊ द्या, मग कान आपोआप सुधारतील.” आमची पोरं अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची. सरांचं बरोबर होतं, पण ते मला तेव्हा पटवून घ्यायचं नव्हतं.

माझ्या इंग्रजीबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अडून आहे. मी मराठीचा शिक्षक. मराठीत मोठ्या माणसाला आपण एकवचनात बोलत नाही. सर येतो असं म्हणत नाही, सर येतात म्हणतो. हीच सवय माझ्या इंग्रजीत शिरली होती आणि ती कधीच गेली नाही. ज्याच्याबद्दल आदर, त्याला माझ्या हातून ‘इज’ लागायचंच नाही, ‘आर’ लागायचं. एकदा मुख्याध्यापक धामणे सर रजेवर असताना मी फळ्यावर इंग्रजीत सूचना लिहिली: ‘ऑनरेबल शिक्षणाधिकारी आर कमिंग टुमारो. दे आर टेकिंग टी अॅट इलेव्हन.’ स्टाफरूममध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचे ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, “वैद्य, किती कप सांगू? नक्की किती शिक्षणाधिकारी आहेत?” पुढे कित्येक महिने मला पाहिलं की कुणीतरी “वैद्य सर आर कमिंग” म्हणायचं.

हसले नाहीत ते फक्त भोये सर. ते म्हणाले, “चूक आहे. पण चांगल्या घरातली चूक आहे. ह्यांच्या इंग्रजीलासुद्धा मोठ्या माणसाला अरेतुरे करवत नाही.”

त्या रविवारी मी त्यांना घरी चहाला बोलावलं. त्यानंतर ते दर रविवारी चार वाजता येऊ लागले. येताना कधी नागलीचे पापड, कधी करवंदं. दारातूनच आवाज द्यायचे, “वहिनी, चहा उकळतोय की उकळलाय?” सुमन, माझी बायको, आतून सांगायची, “भावजी, अजून आधणसुद्धा ठेवलं नाही.” “म्हणजे भविष्यकाळ. मग बसतो.” एकदा सुमननं त्यांना घरच्यांबद्दल विचारलं. बायको? सर म्हणाले, “होती, वहिनी. लग्नाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत.” त्यांच्या तोंडचं ते एकच वाक्य मला आठवतं, ज्याचा काळ त्यांनी कुणाला ओळखायला लावला नाही.

माझी समजूत अशी होती की त्यांना सुमनच्या हातचा चहा आवडतो.

मग माझी मुलगी मंजू दहावीला आली. दहावी ‘ब’मध्ये. नव्वदीची मधली वर्षं होती ती. गंगापूर रोडला इंग्रजी शाळा निघत होत्या, शेजाऱ्यांची पोरं टाय लावून रिक्षातून जात होती आणि माझी मुलगी सकाळी अंगणात झोपाळ्यावर बसून “वॉक-वॉकेड-वॉकेड” म्हणत होती. त्याच दिवसांत संस्थेचे एक पदाधिकारी शाळा पाहायला आले. धामणे सर त्यांना घेऊन दहावी ‘ब’च्या दाराशी पोचले, तर वर्गात शिक्षक नाही आणि पन्नास पोरं खिडकीकडे बघतायत. “सर कुठे आहेत?” पाहुण्यांनी विचारलं. पहिल्या बाकावरचा मुलगा उठून अदबीनं म्हणाला, “सर आधीच गेलेत. आता येतील.” आणि खिडकीतून खरंच सर आले.

हे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चवीनं सांगितलं. मीही सांगितलं. पण घरी आल्यावर मला त्याचं हसू येईना. आज लपवायचं नाही म्हणून लिहितो. मला मंजूच्या मार्कांची काळजी होती हे खरं, पण निम्मंच खरं. उरलेलं असं होतं की डोंगरातून आलेला माणूस माझ्या मुलीला इंग्रजी शिकवतो, हे मला सोसत नव्हतं. रविवारी त्याच माणसाला चहा देताना मला स्वतःचा मोठेपणा वाटायचा. आपण किती उदार, असं वाटायचं. तो माणूस आपल्या मुलीच्या डोक्यात काही घालू लागला, तेव्हा ते औदार्य संपलं.

मी नुसता ‘पालक’ बनून धामणे सरांकडे निनावी तक्रार लिहिली. मराठीत लिहिली असती तर माझी भाषा ओळखली गेली असती, म्हणून इंग्रजीत लिहिली. एवढा मी हुशार. जुन्या बसस्टँडजवळ, कोर्टासमोर झाडाखाली टायपिस्ट बसायचे. त्यांतल्या एकाला कागद दिला. त्याला म्हटलं, “काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.” तो म्हणाला, “साहेब, इथं आम्ही जसं असेल तसंच मारतो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर माणूस आत जातो.” त्यानं जसं होतं तसं मारून दिलं. खाली ‘एक पालक’ एवढंच. मी ते पाकीट पोस्टात टाकलं आणि घरी आलो. तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता सर आले, पापड घेऊन.

पत्र बुधवारी पोचलं. धामणे सर गणिताचे. त्यांनी मजकुराचा अंदाज घेतला आणि भोये सरांना बोलावून ते पत्रच हातात दिलं. “उद्या लेखी खुलासा द्या आणि पत्र परत आणा. फाइलला लावायचंय.” दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही आणून दिलं. खुलासा दोन ओळींचा होता आणि तो धामणे सरांनी आम्हाला वाचूनच दाखवला: ‘सदर तक्रारीतील इंग्रजी निर्दोष आहे. मजकुराबद्दल मला काही म्हणायचे नाही.’ स्टाफरूम पुन्हा हसली. स्वतःविरुद्धच्या तक्रारीला व्याकरणात पास करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मीही हसलो. आतून मात्र मला एक नीच समाधान झालं, की चला, आपलं इंग्रजी इतकं काही वाईट नाही.

सोमवारपासून भोये सरांना पाचवी मिळाली. त्या वेळी आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. धिस इज अ कॅट, दॅट इज अ डोअर. मी कोरड्या तोंडानं त्यांना म्हणालो, “वाईट झालं, सर.” ते म्हणाले, “पाचवीला भूतकाळ नसतो, वैद्य सर. पहिल्या वर्षी सगळं वर्तमानातच. बरंय, गुडघेही दुखत होते.”

आणि दहावी ‘ब’? ती धामणे सरांनी मला दिली. “तुमचा बी.ए.ला इंग्रजी विषय होता ना? आणि शाळेत दुसरा माणूस नाही.” देवाचा न्याय ज्याला म्हणतात, तो कधी कधी वेळापत्रकातून येतो.

मला ‘हॅव बीन’ कुठे लागतं ते धड माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. रविवारी सर आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं करून पुस्तक पुढे केलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “लाकडाची खुंटी माहितीय ना? आणि दोरी? ‘सिन्स’ म्हणजे खुंटी. सोमवारपासून, सकाळपासून, जिथून सुरू झालं ती जागा. ‘फॉर’ म्हणजे दोरी. दोन तास, सहा वर्षं, नुसती लांबी. गाय खुंटीला बांधलेली असते, दोरी लांब असते आणि गाय अजून चरतेच आहे. हे ‘हॅज बीन’. गाय अजून सुटलेली नाही, हे विसरायचं नाही.”

सोमवारी मी गाय वर्गात नेली. पोरांना लगेच समजलं. त्यानंतर वर्षभर हेच चाललं. रविवारी चार वाजता सर मला शिकवायचे, सोमवारी मी दहावीला. आतल्या खोलीत मंजू कान देऊन ऐकत असायची. पूर्ण भूतकाळाची वेळ आली तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं. तेव्हा माझं पोट आजच्याइतकंच होतं. मी दारातून बाहेर गेलो आणि ओरडलो, “द ट्रेन हॅड लेफ्ट!” आतून एक मुलगा म्हणाला, “सर, दारातून गेलात. म्हणजे अजून सुटायचीय.”

मंजूला इंग्रजीत चांगले मार्क पडले. वर्गाचा निकालही चांगला लागला. धामणे सरांनी सभेत माझं नाव घेतलं. त्या संध्याकाळी सुमननं भोये सरांना पेढा दिला, तर ते मला म्हणाले, “अभिनंदन, वैद्य सर.” त्या शब्दांत टोमणा शोधत मी रात्रभर जागा राहिलो असतो तर बरं झालं असतं. मी गाढ झोपलो.

सर निवृत्त होईपर्यंत पाचवीलाच राहिले. निरोपाच्या दिवशी मी म्हणालो, “तुमच्याकडे येईन हो एकदा पाड्यावर.” ते म्हणाले, “या की.” ते गेले आणि माझे रविवार मोकळे झाले. सुमन चार वाजता विचारायची, “भावजींची काही खबर?” मी म्हणायचो, “मजेत असतील.” तीन वर्षं मी गेलो नाही.

मग शाळेचा रौप्यमहोत्सव आला. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलं आणि जुन्या फायली चाळताना ते पत्र हाती लागलं. मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्चीत बसलो. ‘मिस्टर भोये इज...’ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळीकडे ‘इज’. ‘हॅज’ तिथे ‘हॅज’, काळ नीट, एक स्वल्पविराम चुकलेला नाही. ते पत्र माझं होतं, पण ते इंग्रजी माझं नव्हतं. मी लिहिलं होतं ‘मिस्टर भोये आर जंपिंग फ्रॉम विंडो’. मला शब्दन् शब्द आठवत होता. टायपिस्टनं बदललं म्हणावं, तर पाकिटात घालण्यापूर्वी मी तो कागद दोनदा वाचला होता आणि त्यात ‘आर’च होतं.

तरीही मी स्मरणिकेत घशाचं वाक्य लिहिलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात तिकडेच वळला. पण छापील प्रत हातात आल्यावर ती मला घरात ठेववेना. एका रविवारी सकाळी मी ती पिशवीत घातली, काळ्या-पिवळ्या जीपनं हरसूलला गेलो आणि तिथून विचारत विचारत पाड्यावर.

थंडीचे दिवस होते. पाड्यावर दारं बंद, अंगणं रिकामी. एक म्हातारी ऊन खात बसली होती. “समदे गेलेत दिंडोरीला, द्राक्षांच्या बागंवर,” ती म्हणाली. “आता येतील ते होळीला. मास्तर हाय. त्यो कुठं जातोय?”

सर ओट्यावर बसले होते. वाळले होते, पण उठले तसेच चटकन. “वैद्य सर! या, या. वहिनी कशा आहेत? मंजू?” पुतण्याचं कुटुंब बागांवर गेलं होतं, हे एकटेच घर राखत होते. स्वतः चूल पेटवून त्यांनी चहा ठेवला. मी स्मरणिका पुढे केली. त्यांनी स्वतःचं पान शोधलं आणि वाचलं.

“घसा?” ते म्हणाले. “माझा घसा?”

मग त्यांनी मान वर करून जोरात आरोळी ठोकली, “हॅऽऽड!” समोरच्या टेकडीवरून आवाज परत आला आणि म्हातारी ओरडली, “काय झालं रं मास्तर?” सर हसायला लागले. मला हसता येईना.

मी म्हणालो, “सर, ते निनावी पत्र मी लिहिलं होतं.”

“हो,” ते म्हणाले आणि चहात गूळ टाकला. “माहितीय.”

“केव्हापासून?”

“धामणे सरांनी हातात दिलं तेव्हापासून. ‘मिस्टर भोये आर जंपिंग फ्रॉम विंडो. मिस्टर भोये आर नॉट नोइंग प्रनन्सिएशन.’ वैद्य सर, अख्ख्या नाशकात मला ‘आर’ लावणारा माणूस एकच होता.”

चूल धुमसत होती. ते फुंकणी घेऊन वाकले.

“मग फायलीत ‘इज’ कसं?”

“मी केलं. त्याच संध्याकाळी कोर्टासमोर गेलो, दुरुस्त करून पुन्हा टाइप करून घेतलं. धामणे सरांनी नीट वाचलं नव्हतं, म्हणून चाललं. पण फायलीतलं पत्र स्टाफरूममध्ये फिरल्याशिवाय राहतं का? तुमची ती शिक्षणाधिकाऱ्यांची सूचना कुणी विसरलं नव्हतं. एका मिनिटात ओळखलं असतं तुम्हाला.”

“ओळखायला हवं होतं,” मी म्हणालो. “मला तेच योग्य होतं.”

“तुमचं जाऊ द्या हो. माझं काय?” ते पहिल्यांदाच जरा चिडून बोलले. “तुमचं नाव फुटलं असतं तर तुम्ही मला तोंड दाखवलं असतं? रविवारी दार उघडलं असतं? दहावी गेली, तर वर्ग गेला. पाचवी मिळाली. रविवार गेला असता तर त्याच्या जागी काय मिळणार होतं मला?”

त्यांनी चहा गाळला. माझ्या पुढे ठेवला.

“एकच गोष्ट जड गेली,” ते म्हणाले. “तो ‘आर’ खोडणं. घरमालक मला ‘ए मास्तर’ म्हणायचा. भाजीबाजारात ‘ए मामा’. आणि तुम्ही माझी नोकरी घालवायला बसलात, तरी अहोजाहोच करत होतात. ते मला माझ्या हातानं खोडावं लागलं.”

मी चहा प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असेन. सरांनी ती ऐकली की नाही, तेही माहीत नाही, कारण ते माझ्याकडे न बघता रिकाम्या अंगणाकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “तर ह्यासाठी आला होतात. बरं झालं. सांगून मोकळे झालात. आता इकडे यायचं काही कारण उरलं नाही.” त्यात रागही नव्हता आणि तक्रारही. हिशेब मांडून दाखवावा तसं ते बोलले.

“येईन की, सर,” मी म्हणालो. हे वाक्य मी निरोपाच्या दिवशीही म्हणालो होतो आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परतताना ते मला सोडायला थेट हरसूलपर्यंत चालत आले, मी नको नको म्हणत असताना. नाशिकची जीप भरत आली होती. सर ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. तो ओळखीचा असावा.

“ह्यांना पुढं बसव,” त्यांनी सांगितलं. “नाशिकचे वैद्य सर. हे दर रविवारी येतात.”

“दर रविवारी?” ड्रायव्हर म्हणाला. “मी तर नाय कधी पाह्यलं.”

“येतात,” सर म्हणाले आणि माझ्याकडे न बघता वळून पाड्याच्या वाटेला लागले.

पुढच्या रविवारी मी नाशकात जीपपाशी जाऊन उभा राहिलो. तोच ड्रायव्हर होता. त्यानं काही विचारलं नाही. पुढच्या सीटवर बसलेल्या पोराला उठवून मागं पाठवलं आणि मला म्हणाला, “बसा, सर. मास्तर वाट बघत असंल.”